खेळातला किल्ला : बांधणीच्या संचाच्या निवडीचा पूर्वेतिहास

मुलांना घरातल्या घरात किल्ला बांधता यावा, म्हणून त्यासाठी तयार संच विकत आणणे ही गोष्ट वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी इतकी महत्त्वाची वाटत नाही. मुलाचे वय, संचाची किंमत, टिकाऊपणा आणि सुरक्षितता ह्या चार गोष्टी पाहिल्या की निवड झाली, असे व्यवहारात मानले जाते; आणि हे चार निकष दुकानदारही सांगू शकतो. परंतु ह्या चारांच्या मागे एक पाचवा निकष उभा आहे. किल्ला कसा असावा ह्यासंबंधी संच करणाऱ्याने आधीच किती ठरवून टाकले आहे आणि मुलाने ठरवावे असे किती शिल्लक ठेवले आहे, हा तो निकष होय. ह्या प्रश्नाचा वाद युरोपात व अमेरिकेत तीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यात तत्त्वज्ञ, शिक्षक, कारखानदार आणि वास्तुशिल्पी अशा सर्वांनी भाग घेतला असून आज दुकानात दिसणारी प्रत्येक पेटी त्या वादातील कोणत्या तरी एका पक्षाची आहे.

प्रारंभीच एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेतील मुलांच्या बोलीत, ‘फोर्ट’ म्हणजे तटबुरुजांचा दुर्गच असे नव्हे. दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेला आडोसा, झाडीतली खोपी, पुठ्ठ्याच्या खोक्यातली दडण्याची जागा, ह्या सर्वांना तो शब्द लावतात. मराठीत ‘किल्ला’ म्हटले की बालेकिल्ला, दरवाजा, माची आणि वर जाणारी वाट डोळ्यांपुढे येते. चादरीच्या आडोशाला आपल्याकडे घर, खोपटे किंवा तंबू म्हणतात. त्यामुळे परदेशी नावाची पेटी उघडून पाहणाऱ्या मराठी पालकास तीत बुरुज न सापडता नुसत्या नळ्या व गोळे सापडतात. हा केवळ भाषांतराचा घोटाळा नाही. बाहेरून पाहावयाचा किल्ला आणि आत शिरावयाचा किल्ला अशी खेळाची दोन भिन्न कुळे आहेत, आणि त्यांचे इतिहासही बरेचसे वेगळे आहेत.

विकतच्या खेळण्यांविषयीचा संशय जुना आहे. जॉन लॉक ह्याने १६९३ साली प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांना खेळणी विकत देण्यास स्पष्ट विरोध केला. गुळगुळीत खडा, कागदाचा तुकडा, आईच्या किल्ल्यांचा जुडगा ह्यांनी लहान मुलाची जेवढी करमणूक होते, तेवढीच महागड्या खेळण्यांनी होते आणि ती खेळणी मात्र लगेच मोडतात, असे त्याचे म्हणणे होते. मोठ्या मुलांनी आपली खेळणी स्वतःच करावीत, हा त्याचा आग्रह. लॉकच्या विचारात काटकसरीचा वास आहे हे नाकारता येत नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी, १७९८ मध्ये, मराया एजवर्थ व तिचे वडील रिचर्ड लव्हेल एजवर्थ ह्यांनी आपल्या ‘प्रॅक्टिकल एज्युकेशन’ ह्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण खेळण्यांना वाहिले, तेव्हा आक्षेपाचे स्वरूप पालटले होते. सजवलेले, पूर्ण झालेले खेळणे वाईट ते महाग म्हणून नव्हे, तर त्यात मुलाने करण्यासारखे काही उरत नाही म्हणून. अशा खेळण्याचे मूल शेवटी एकच करू शकते, ते म्हणजे ते मोडून आत काय आहे ते पाहणे. त्याऐवजी निरनिराळ्या आकारांचे साधे लाकडी ठोकळे द्यावेत अशी त्यांची शिफारस होती. बांधणीच्या संचाचे समर्थन प्रथम इतक्या स्पष्टपणे येथे झाले.

ह्या समर्थनाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) ह्याचे. बर्लिन येथे क्रिस्टियान वाइस ह्या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने खनिजांच्या संग्रहावर काम केले होते, आणि साध्या घटकांपासून नियमबद्ध आकृती कशी वाढत जाते ह्याचे त्याला लागलेले वेड पुढे त्याच्या खेळसाहित्यात उतरले. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्याने आपली संस्था सुरू केली व १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. त्याच्या ‘देणग्यां’पैकी तिसरीपासून सहावीपर्यंतच्या चार बांधणीच्या होत. तिसरीत दोन इंची घन कापून केलेले एक इंचाचे आठ घन. चौथीत तेवढ्याच आकाराच्या घनाच्या आठ विटा. पाचवीत तीन इंची घनाचे तिरके छेदही घेऊन केलेले एकोणचाळीस तुकडे. आणि सहावीत छत्तीस तुकडे. पेटी पालथी घालून उचलली की समोर अखंड घन उभा राहावा, खेळ संपल्यावर तो पुन्हा तसाच पेटीत जावा, अशी रचना होती. त्या तुकड्यांतून व्यवहारातील वस्तू, सौंदर्याच्या आकृती आणि गणिताच्या आकृती असे तीन प्रकारचे आकार करावयाचे. किल्ला पहिल्या प्रकारात पडतो.

फ्रोबेलच्या पद्धतीत दोन नियम होते आणि त्यांचे परिणाम दूरवर पोचले. एक, प्रत्येक रचनेत सर्व तुकडे वापरले गेले पाहिजेत. दोन, एक रचना पाडून दुसरी न करता पहिलीतूनच हळूहळू दुसरी घडवावी. ह्या नियमांमागील विचार उदात्त होता, परंतु आठ ठोकळ्यांचा बुरुज धाडकन पाडण्यात मुलाला जो आनंद होतो, त्याला ह्या व्यवस्थेत जागा नव्हती. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली ती मात्र वेगळ्या कारणाने, धर्म व राज्य ह्यांविषयीच्या संशयाने; ती १८६० मध्ये उठली. दरम्यान आणि नंतर ही पद्धत अटलांटिक ओलांडून गेली. अमेरिकेतील वर्गांत एक इंचाच्या चौकटी आखलेल्या मेजांवर बसून शिक्षिका सांगेल त्या क्रमाने ठोकळे ठेवण्याचा पाठ होऊ लागला. ज्याचा हेतू मुक्त बांधणी हा होता, त्याचे शुद्धलेखन झाले.

ह्याविरुद्धची प्रतिक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उठली. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल ह्याने इंचाइंचाच्या तुकड्यांनी लहान मुलांच्या हाताडोळ्यांवर ताण पडतो, असा आक्षेप घेतला. त्याच्या विचारांनी प्रभावित झालेल्या पॅटी स्मिथ हिल ह्या शिक्षिकेने पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये असताना मोठे ठोकळे तयार केले. खाचा असलेले खांब, लांब फळ्या, ते जोडून ठेवणाऱ्या खुंट्या असे त्यांचे स्वरूप होते, आणि उभे राहिलेले घर इतके मोठे असे की मुले त्यात जाऊन बसत. वर ज्या दोन कुळांचा उल्लेख केला, ती येथे प्रथम एकत्र आली. मेजावरचा किल्ला जमिनीवर उतरला आणि त्यात माणूस शिरू लागला.

कारखान्याच्या बाजूने पाहता मात्र वेगळीच दिशा दिसते. ऑटो व गुस्ताफ लिलियेंथाल ह्या बंधूंनी बारीक वाळू, खडू व जवसाच्या तेलाचे व्हार्निश ह्यांच्या मिश्रणातून दगडी ठोकळे करण्याची युक्ती काढली. विटेचा तांबडा, वालुकाश्माचा पिवळट आणि पाटीच्या दगडाचा निळसर असे त्यांचे तीन रंग होते. धंदा त्यांना जमला नाही. १८८० साली त्यांनी हा शोध रूडॉलश्टाटच्या फ्रीड्रिख आडोल्फ रिख्टर ह्याला विकला आणि ‘अँकर’ ह्या नावाने तो जगभर गाजला. (ह्या दोघांपैकी ऑटो हा तोच, ज्याचा १८९६ मध्ये विमानविद्येच्या प्रयोगात अंत झाला.) रिख्टरची खरी कल्पकता दगडात नव्हती, ती विक्रीच्या रचनेत होती. प्रत्येक पेटीबरोबर नकाशांचे पुस्तक असे. प्रत्येक पेटीला पुरवणी पेटी जोडली की ती पुढच्या क्रमांकाची पेटी होई. आणि पुढच्या क्रमांकाच्या पुस्तकातले मनोरे अर्थातच अधिक उंच असत. मुलाची अपुरेपणाची जाणीव हीच ह्या व्यापाराचे भांडवल होती. अँकरच्या नकाशांतील कमानी आणि बुरुज आजही देखणे वाटतात, पण ते मुलाचे नव्हेत, रेखाटनकाराचे आहेत, हे विसरता येत नाही. पूर्व जर्मनीत हे उत्पादन १९६३ साली बंद पडले व १९९५ मध्ये त्याच गावी पुन्हा सुरू झाले.

जर्मन खेळण्यांचा आणखी एक प्रकार, शिशाच्या शिपायांसाठी केलेला लाकडी तयार किल्ला, येथे नुसता नोंदवून पुढे जाणे पुरे. त्याचे सुटे भाग तळाच्या पेटीत मावत, आणि खेळताना तीच पेटी टेकडीचे काम करी. सोय उत्तम, परंतु किल्ला एकच. एच. जी. वेल्स ह्याने १९११ साली लिहिलेल्या ‘फ्लोअर गेम्स’ ह्या छोट्या पुस्तकात दुकानातील विटा संख्येने अपुऱ्या व आकाराने क्षुल्लक असतात, अशी तक्रार केली आहे. त्याच्या मुलांपाशी असलेल्या भरपूर मोठ्या लाकडी विटा दुकानात मिळणाऱ्या नव्हत्या. जमिनीवर पसरलेली बेटे आणि नगरे ह्या विटांतून उभी राहत. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१४ साली, न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात शाळा सुरू करणाऱ्या कॅरोलाइन प्रॅट हिने पॅटी हिलच्या कामापासून स्फूर्ती घेऊन एका मापाच्या पटीतले साधे ठोकळे रूढ केले. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, त्याची रुंदी लांबीच्या निम्मी आणि जाडी रुंदीच्या निम्मी. रंग नाही, चित्र नाही, नकाशा नाही. प्रॅटने त्यांचे एकस्व घेतले नाही, म्हणून कोणताही सुतार ते करू शकला. संचनिवडीच्या इतिहासात ह्या घटनेला जितके महत्त्व द्यावे तितके थोडे आहे, कारण चांगले साधन आणि मालकीचे साधन ह्यांची फारकत येथे घडून आली.

आजच्या घरगुती किल्ल्याच्या पेटीचे मूळ मात्र ठोकळ्यात नाही. ते फ्रोबेलच्याच दुसऱ्या, काहीशा दुर्लक्षित अशा एका उद्योगात आहे. भिजवून मऊ केलेले वाटाणे आणि टोक काढलेल्या बारीक काड्या ह्यांपासून तो मुलांना पोकळ आकृती करावयास लावी. वाटाणा हा सांधा, काडी ही बाजू. वाटाणा वाळला की सांधा आवळला जाई. ठोकळ्यांच्या बांधणीत भिंत असते; येथे भिंत नाहीशी होऊन केवळ सांगाडा राहतो. बकमिन्स्टर फुलर ह्यांनी आपल्या बालपणीची आठवण सांगितली आहे ती ह्याच खेळाची. दृष्टी अधू असल्याने इतर मुलांनी केलेली चौकोनी घरे त्यांना नीट दिसत नव्हती. १८९९ साली बालवर्गात वाटाणे व काड्या हातांनी चाचपत त्यांनी जे उभे केले ते त्रिकोणांचे जाळे होते, कारण तेवढेच हाताला न डगमगता उभे राहिलेले जाणवले. चार्ल्स पेजो ह्याने १९१४ च्या सुमारास बाजारात आणलेल्या ‘टिंकरटॉय’मध्ये वाटाण्याच्या जागी भोके पाडलेली लाकडी चकती आली. आणि १९५१ साली चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने ‘द टॉय’ ह्या नावाने जो संच तयार केला, त्यात रंगीत चौकोनी व त्रिकोणी पत्रे आणि लाकडी काठ्या ह्यांपासून मुलाला आत शिरता येईल एवढी वास्तू उभी करता येत असे. वाटाण्याचा खेळ येथे माणसाच्या मापाला पोचला. आजच्या नळ्या व गोळे ह्यांच्या संचाचा हाच सरळ पूर्वज होय.

फुलर ह्यांच्या हातांना जे कळले ते ग्राहकाला अजूनही क्वचितच कळते, म्हणून त्याचा थोडा विस्तार अस्थानी ठरू नये. चार सारख्या नळ्यांचा चौकोन सांध्यात मुरडून कलू शकतो. तीन नळ्यांचा त्रिकोण कलत नाही. घनाकृती खोलीचा सांगाडा उभा करून त्यावर चादर टाकली की चादरीच्या ओढीने तो एका बाजूला झुकतो, आणि मुलाचा विरस होतो. चौकोनाला कर्णाची नळी घातल्यास तो स्थिर होईल, परंतु कर्ण हा बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो. संचातील सर्व नळ्या एकाच लांबीच्या असतील तर ती नळी बसणारच नाही, मग गोळ्याला तिरकी भोके कितीही असोत. तेव्हा समान लांबीच्या नळ्यांच्या संचात टिकाऊ किल्ला हवा असेल तर चौकोनी खोलीचा हट्ट सोडून समभुज त्रिकोणांची घुमटासारखी रचना करावी लागते. आणि ती करता येते की नाही, हे गोळ्यावरील भोकांच्या कोनांवर ठरते. मुलाचे स्वातंत्र्य पेटीवरील रंगीत चित्रात नसून सांध्यात असते, असे म्हणावयास हरकत नाही. डेन्मार्कच्या ‘लेगो’ कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या विटेच्या एकस्वासाठी अर्ज केला, तिचे यशही सांध्याचेच यश आहे. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाखांहून अधिक प्रकारांनी जोडता येतात, हे गणित प्रसिद्ध आहे. त्याच कंपनीने १९७८ साली पायरीपायरीच्या सूचनांसह किल्ल्याचा स्वतंत्र संच काढला, हेही तितकेच खरे. रिख्टरचे पुस्तक पुन्हा परतले.

इतका वेळ ज्या संचांचा विचार झाला ते सर्व प्रौढांनी मुलांना दिलेले आहेत. आत शिरण्याच्या किल्ल्याचे खरे स्वरूप पाहावयाचे तर मुलांनी प्रौढांच्या नकळत केलेल्या बांधकामांकडे वळले पाहिजे. डॅनिश उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सेन ह्याच्या कल्पनेतून जर्मन ताब्याच्या काळात, १९४३ साली, कोपनहेगनजवळ एम्द्रुप येथे फळ्या, विटा व भंगार ह्यांचे मैदान मुलांसाठी मोकळे करण्यात आले. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड ह्यांनी युद्धानंतर ते पाहिले आणि ब्रिटनमध्ये त्या कल्पनेचा प्रसार केला. सायमन निकल्सन ह्याने १९७१ मध्ये ह्या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. एखाद्या परिसरात सुट्या, हलवता येणाऱ्या वस्तू किती व किती प्रकारच्या आहेत ह्यावर तेथील नवनिर्मितीची शक्यता अवलंबून असते, हे त्याचे सूत्र होय. डेव्हिड सोबेल ह्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने इंग्लंडमधील डेव्हन आणि कॅरिबियन समुद्रातील कॅरियाकू बेट ह्या दोन अत्यंत भिन्न ठिकाणच्या मुलांच्या अशा जागांचा अभ्यास करून १९९३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्हीकडे जागा स्वतः केलेली, गुप्त आणि सुरक्षित वाटणारी असावी अशी मुलांची ओढ त्याला आढळली. बैठकीच्या खोलीत आईवडिलांच्या देखत उभारलेला नळ्यांचा किल्ला ह्यातील गुप्तता पुरवू शकत नाही; पडदा लावण्याची सोय असली तर थोडीफार पुरवतो.

महाराष्ट्रात ह्या वादाला एक स्वतंत्र बाजू आहे. दिवाळीच्या आधी अंगणात माती, दगड आणि जुनी पोती ह्यांनी रचलेला किल्ला पहिल्या कुळातला, म्हणजे पाहावयाचा. परंतु त्याला संच असा कधी नव्हता. चित्रे तेवढी विकत आणावयाची, बाकी सारे गोळा करावयाचे, आणि अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहावयाची. फ्लॅटच्या सज्जात आता प्लॅस्टरचा तयार किल्लाही विराजमान झालेला दिसतो. एजवर्थ पितापुत्रीचा आक्षेप त्यास शब्दशः लागू पडतो: त्यात मुलाने करण्यासारखे चित्रे मांडण्यापलीकडे काही उरत नाही. ह्याउलट टोकाचे उदाहरण ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्यांच्या कार्यात सापडते. गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी भागात ते काम नेले. माँटेसरीची साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने असे भोवतालचे साहित्य त्यांनी योजले. ही केवळ गरिबीची तडजोड होती असे मानणे त्यांच्या कार्यावर अन्याय करणारे ठरेल. साधनाचे मोल ते कोठून आले ह्यावर नसून त्यातून मूल काय करू शकते ह्यावर असते, ही भूमिका तेथे दैनंदिन व्यवहारात सिद्ध झाली. आणि लॉकच्या खड्याला जी प्रतिष्ठा ग्रंथात मिळाली होती ती वर्गात मिळाली.

वर्तमान निवडीपुरते पाहता कायद्याची बाजू आता पुष्कळ स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले असून त्यांची तपासणी ‘आय एस ९८७३’ ह्या मानकमालेप्रमाणे होते. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती पडणारा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावू नये, ही कसोटी घशात अडकण्याचा धोका टाळण्यासाठी आहे. लोहचुंबकाच्या संचात चुंबक सुटून बाहेर येणार नाही ना, हे पाहणे त्याहून निकडीचे, कारण गिळलेले दोन चुंबक आतड्याच्या दोन घड्या एकमेकींना चिकटवतात. परंतु चिन्ह पाहून झाल्यावरही पाचवा निकष शिल्लक राहतो आणि तो कोणत्याही मानकात बसत नाही. त्यासाठी पेटीवरचे चित्र बाजूला ठेवून काही गोष्टी तपासाव्या लागतात: नळ्या एकाच लांबीच्या आहेत की दोन, गोळ्याला भोके कोणत्या दिशांना आहेत, घरातली काठी, दोरी किंवा पुठ्ठा त्या सांध्याला अडकवता येतो की संच केवळ स्वतःच्याच तुकड्यांना ओळखतो, एखादा तुकडा हरवल्यास उरलेल्यांतून काही उभे राहते की सारी रचनाच थांबते. अशा संचांत चादर बहुधा नसते, ती घरातलीच घ्यावी लागते. विक्रेत्याच्या दृष्टीने ती उणीव असेल. परंतु कोणती चादर, ती किती खाली सोडावयाची आणि दार कोणत्या बाजूस ठेवावयाचे, एवढे तरी त्यामुळे मुलाकडे राहते.